गोपाळची तांबडी गाय

मोठीमायला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण तिच्यासमोर वाचायला गावातली शिकलेली माणसं घाबरायची. तहसिलीचा कागद असो, दवाखान्याची चिठ्ठी असो नाहीतर लग्नाची पत्रिका, ती दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, डोळे मिटून ऐकायची आणि प्रत्येक वाक्य संपलं की एकच शब्द म्हणायची, "मंग?" वाचणाऱ्याला वाटायचं, आपल्याकडून काहीतरी राहिलं. एकदा ग्रामसेवकानं पाण्याची नोटीस वाचून दाखवली. तिनं चार वेळा "मंग?" केल्यावर त्यानं तारीख वाचली, जावक क्रमांक वाचला आणि शेवटी हात जोडले. "संपलं, मोठीमाय. आता खाली फक्त शिक्का आहे."

"शिक्क्यात काय लिव्हलंय?" मोठीमाय म्हणाली.

ती माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. थोरले बाबा लवकर गेले आणि घराचा कारभार तिच्याकडे आला. तिला स्वतःची मुलं नव्हती. आमचं गाव हसनाबादपासून सात किलोमीटर आत, शाळा सातवीपर्यंत. सातवीनंतर मुलं हसनाबादला जायची आणि मुली घरी बसायच्या. माझ्या वडिलांचंही ठरलेलं होतं, "सातवी झाली की बास." मोठीमायनं त्यावर हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. "इंग्रजी येतं का बघू तिला," ती म्हणाली. "येत असंल तर पुढचं बोलू." इंग्रजी हा माझा सगळ्यात कच्चा विषय होता, हे तिला माहीत नव्हतं.

श्रावणात आमच्या ओसरीवर पोथी लागायची. शेतातलं काम आटोपून बाया हात-पाय धुऊन यायच्या आणि दिवस मावळेपर्यंत बसायच्या. एक म्हातारे बुवा वाचायचे. आधी ओवी, मग तिचा अर्थ, मग मोठीमायचा "मंग?", की अर्थ आणखी लांबायचा. मी सातवीत गेले त्या वर्षी बुवा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे जालन्याला गेले. पोथी फडक्यात बांधलेली, बाया जमलेल्या, वाचायला कुणी नाही. मोठीमायनं माझ्याकडे पाहिलं. "तुझ्या पिशवीत काय हाय, ते वाच."

मराठीचं पुस्तक आठ दिवसांत संपलं. मग राहिलं इंग्रजीचं जादा वाचनाचं एक पुस्तक. ते केदारखेड्याच्या बाजारातून वडिलांनी जुनं आणलं होतं. कव्हर फाटलेलं असल्यामुळे ते कुणी छापलं हे मला आजही माहीत नाही, आणि तेच बरं आहे.

पहिला धडा शेतकऱ्याचा होता. पोथीसारखंच एक ओळ वाचायची आणि अर्थ सांगायचा, असं ठरलं. मी सुरात वाचलं, "गोपाळ इज अ फार्मर. गोपाळ शेतकरी आहे."

"मंग?"

"ही हॅज अ काऊ. त्याच्याकडे एक गाय आहे."

"मंग?"

"द काऊ इज ब्राउन. गाय तपकिरी आहे."

"तपकिरी गाय आम्ही न्हाई पाहिली. तांबडी म्हण. मंग?"

"गोपाळ इज हॅपी. गोपाळ खूश आहे."

"कामून?"

कामून, म्हणजे का खूश, ते पुस्तकात नव्हतं. धडा तिथंच संपत होता. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. शेजारच्या गयाबाई तर उठून पदर झटकायला लागल्या. मोठीमाय म्हणाली, "गोपाळ हाय, गाय हाय, खूश हाय. एवढ्यासाठी पुस्तक छापलं?" तिच्या त्या आवाजात मला माझी आठवी बुडताना दिसली.

तिनं पुस्तक हातात घेऊन चित्र पाहिलं. पांढरंशुभ्र धोतर, डोक्याला फेटा, हातात विळा, आणि गोपाळ सगळे दात दाखवून हसतोय. गायही हसत होती. "धोतराला एक डाग न्हाई," मोठीमाय म्हणाली. "हा शेतात निघालेला माणूस न्हाई. हा लेकीची सोयरीक जुळवायला निघालाय."

मी म्हटलं, "हो. तेच आहे पुढच्या पानावर."

पुढच्या पानावर एक फळा आणि एक मांजर होतं.

खोटं मी असं सुरू केलं. दुसऱ्या दिवशी गोपाळला रुक्मी नावाची मुलगी झाली, म्हणजे एकदम सोळा वर्षांचीच झाली. तिसऱ्या दिवशी आष्टीचं स्थळ आलं. चौथ्या दिवशी मुलाकडच्यांनी हुंड्यात ती तांबडी गाय मागितली. मी ओळ पुस्तकातली वाचायची आणि अर्थ माझ्या मनचा सांगायची. "द कॅट इज ऑन द मॅट" एवढं वाचून मी सांगितलं की गोपाळच्या बायकोनं दोन दिवस अन्नाला हात लावला नाही आणि मांजर चुलीपुढच्या पोत्यावर येऊन बसलं. बाया हळहळल्या. मांजर आणि पोतं तेवढं खरं होतं.

अर्धी गोष्ट मात्र मोठीमायच्या प्रश्नांतून आली. त्या पुस्तकातली माणसं शेजारच्या गावात राहतात आणि त्यांना समजून घेणं आपलं काम आहे, असं तिला वाटायचं. एका पानावर हत्तीचं चित्र होतं आणि खाली विचारलं होतं, "इज धिस अ पेन?" उत्तर होतं, "नो, इट इज ॲन एलिफंट." मी अर्थ सांगितला तशा सगळ्या बाया खो खो हसायला लागल्या. हत्तीला पेन म्हणणारा माणूस कोण? एकटी मोठीमाय हसली नाही. "हसू नका गं," ती म्हणाली. "त्याला दिसत नसंल. हात लावून विचारून राह्यला बिचारा." दुसऱ्या दिवसापासून गोपाळच्या सासऱ्याची नजर गेली.

डॉक्टरच्या धड्यात रोगी म्हणतो, माझं डोकं दुखतं. डॉक्टर म्हणतो, फळं खा आणि रोज खेळ. रोगी म्हणतो, थँक्यू. मोठीमायनं डोळे उघडले. "सुई?"

"नाही दिली."

"गोळी?"

"नाही."

"मंग तो डॉक्टर न्हाई. मास्तर असंल कुणीतरी."

आणखी एका धड्यात मुलगा पाठीला दप्तर लावून दारात उभा आहे आणि आई त्याला विचारते, बाळा, तू कुठं चाललास? तो म्हणतो, मी शाळेत चाललो, धन्यवाद आई. मोठीमायला त्या बाईचं फार वाईट वाटलं. "रोज जातंय लेकरू, अन् तिला ठाऊक न्हाई कुठं जातंय. घरात कुणी काय सांगतच नसंल तिला." गयाबाई म्हणाल्या, "अन् आभार कशाचे मानून राह्यला? भाकर बी बांधून दिलेली दिसत न्हाई."

आजकाल मोबाइलवर असल्या पुस्तकांच्या पानांचे फोटो फिरतात. माझी भाची पाठवते, मीही हसते. पण हसताना मला आमची ओसरी दिसते आणि वाटतं, ते पुस्तक लिहिणाऱ्यापेक्षा त्यातल्या माणसांची काळजी आमच्या मोठीमायनं जास्त केली.

श्रावण सरला, बुवा नवा चष्मा लावून परत आले, तरी बायांना गोपाळच पाहिजे होता. दिवाळीपर्यंत तो चालला. पुस्तकाचं शेवटचं पान आलं तेव्हा सोयरीक मोडायला आली होती आणि गाय द्यायची की नाही यावर बायांत दोन तट पडले होते. मी म्हटलं, पुढचं पान फाटलंय. ते खरंच फाटलेलं होतं. मोठीमाय आल्यागेल्याला अभिमानानं सांगायची, "आमच्या पोरीनं आक्खं इंग्रजी पुस्तक सांगितलं." ज्या दिवशी हे उघडं पडेल त्या दिवशी माझी शाळा संपेल, हे मला पक्कं माहीत होतं.

तो दिवस मे महिन्यात आला. हसनाबादच्या शाळेचे इंग्रजीचे सर आठवीसाठी मुलं गोळा करत गावोगाव फिरत होते. आमच्याही ओसरीवर बसले. चहा झाला. वडील म्हणाले, "पोरीला कुठं पाठवता सर? इंग्रजीचं काही खरं न्हाई तिचं."

"कोण म्हंतं?" मोठीमाय आतून बाहेर आली. तिच्या मागं गयाबाई. "सर, तुम्ही शिकलेली माणसं, एक विचारते. गोपाळनं गाय द्यायला पाहिजे होती का?"

"कोण गोपाळ?"

"पुस्तकातला. रुक्मीचा बाप."

सरांनी पुस्तक मागितलं. मी ते आणायला आत गेले आणि शक्य तेवढा वेळ लावला. "जल्दी आण गं!" वडील ओरडले. सरांनी धडा वाचला आणि सरळ मराठीत सांगितला. गोपाळ शेतकरी आहे. त्याच्याकडे गाय आहे. गाय तपकिरी आहे. गोपाळ खूश आहे. एका मिनिटाचंही काम नव्हतं.

"अन् रुक्मी?" गयाबाई म्हणाल्या.

सरांनी पानं उलटली. "रुक्मी नाही यात."

"नीट बघा. आष्टीचं स्थळ आल्तं तिला."

"मावशी, असं काहीच नाही."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. "बघितलं? सगळं खोटं सांगून राह्यली होती. काही येत न्हाई तिला."

मी खांबाला धरून उभी होते. मोठीमाय खाली बसली. तिनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, डोळे मिटले. मग म्हणाली, "सर, गाय म्हंजी गायच ना? का दुसरं काही?"

"गायच."

"तांबडी?"

"हो, तांबडीच म्हणा."

"अन् गोपाळ खूश हाय, हे बी बराबर?"

"बरोबर आहे."

तिनं डोळे उघडले. "मंग पुस्तकातलं तिनं सगळं बराबर सांगितलं. बाकीचं तिनं घरचं घातलं." आणि वडिलांकडे वळून म्हणाली, "भाऊजी, चार ओळींच्या गाईवर पोरीनं दिवाळीपर्यंत बाया बसवून ठेवल्या. तुम्हाला तहसिलीत स्वतःचं नाव सांगायचं म्हटलं तरी घाम फुटतो."

सर हसले. वडिलांनाही हसू आलं, पण ते त्यांनी मिशीत दाबलं. गयाबाईंचं समाधान झालं नव्हतं. "अवं पण रुक्मीचं काय झालं मंग?"

"ते आठवीच्या पुस्तकात असंल," मोठीमाय म्हणाली. "पोरगी गेली तर कळंल."

वडिलांनी रिकामी बशी बाजूला सारली. मग म्हणाले, "लिव्हा सर नाव." सरांनी खिशातला पेन काढला. मी गोठ्यामागं जाऊन बसले. अंग इतकं हलकं झालं होतं, जसं डोक्यावरचा कडब्याचा भारा कुणीतरी उतरवून घेतला.

संध्याकाळी मी तिला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"बुवाची ओवी दोन ओळींची, अन् अर्थ तासभर," ती म्हणाली. "ते सगळं काय पोथीत असतं व्हय? कळतं मला. पण आता एक कर. पुस्तकाचं येगळं सांग, अन् तुझं येगळं सांग. दोन्ही कालवू नको. ऐकणाराला कळलं पाहिजे, कोणतं कुणाचं हाय."

आमच्या घरातली पहिली पदवी माझी आहे. हे सांगताना मी लाजत नाही आणि आवाजही खाली करत नाही. इंग्रजी घेऊन बी.ए. झाले, आज जालन्यात एका कचेरीत लोकांचे कागद इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत करते. कुणी म्हणतं, बाई, थोडं वाढवून लिहा. मी म्हणते, कागदात आहे तेवढंच लिहीन, तुमचं म्हणणं वेगळ्या कागदावर द्या. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही.

मोठीमायला जाऊन आता चार वर्षं झाली. शेवटी ऐकू कमी यायचं, तरी मी गावी गेले की जवळ बसवून घ्यायची आणि हातानं खूण करायची, वाच. मोठ्यानं वाचून माझा घसा दुखायचा, तिचा "मंग?" तेवढाच खणखणीत.

पण ती आठवली की मला आठवीचा पहिला दिवस आठवतो. सकाळच्या एसटीनं हसनाबादला गेले, त्याच सरांचा तास झाला, त्यांनी मलाच उभं करून वाचायला लावलं. एकच वाक्य. मी वाचलं, अर्थ सांगितला, आणि सर म्हणाले, "बस खाली." पुढं कुणी काही विचारलं नाही. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

घरी आले तर मोठीमाय ओसरीवर वाट बघत बसलेली. दप्तर खाली ठेवू दिलं नाही. "काय सांगितलं आज?"

मी पुस्तकातलं होतं तेवढंच सांगितलं. "द सन राइजेस इन द ईस्ट. सूर्य पूर्वेला उगवतो."

तिनं डोळे मिटले. मी पुढच्या प्रश्नाची वाट बघत उभी राहिले. तिनं सावकाश मान हलवली.

"बरं झालं," मोठीमाय म्हणाली. "पुस्तकवाल्यांनाबी कळलं."