ठिपक्यांचा नकाशा

शहापूरच्या चहाटपरीवर एक अनोळखी माणूस रोज लॅपटॉप उघडून बसायचा. चहा गार व्हायचा, बोट पडद्यावरच. पडद्यावर शेकडो ठिपके आणि त्यांना जोडणारे बाण. जवळच दारूगोळ्याचा कारखाना, त्यामुळे माझा संशय बळावत गेला. एक दिवस विचारलंच, "कायचा नकाशा बनवून राहिले जी?"

"संगणकानं तपासलेल्या प्रमेयांचा. कोणतं कोणाच्या भरोशावर उभं हाये, ते पाहून राहिलो." काटकोन त्रिकोणाच्या प्रमेयापासून तो एकेका बाणानं तळाच्या गृहीतकापर्यंत उतरला.

"हे प्रमेय तर मी शाळेत तीस वर्षांपासून शिकवून राहिलो," मी म्हणालो. "खरंच हाये ते."

"कोणाच्या भरोशावर?"

"पुस्तकात हाये ना!"

मी इतके दिवस त्याच्याकडे जसं पाहत होतो, तसंच त्यानं माझ्याकडे पाहिलं.