रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी

शाळेत एकतीस वर्षं घंटा वाजवली की माणसाचं मूळ नाव कुणाला आठवत नाही. सगळी गल्ली तिला घंटाबाई म्हणायची, आणि निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी म्हणतच होती. मुख्याध्यापकांचं घड्याळ दोन मिनिटं पुढे, ऑफिसातलं तीन मिनिटं मागे, पण घंटाबाईचा टोला पडला की पडला. नवे शिक्षक तिच्यावरून घड्याळ लावायचे.

आता ती तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहत होती. सकाळी सहा-दहाला बूट चढवून मैदानावर फिरायला जायची, सव्वासातला परत. सोबतीला कुणी नको असायचं. बोलत चालणारी माणसं चालत नाहीत, रांगतात, असं तिचं म्हणणं.

मागच्या महिन्यात खालच्या मजल्यावर चोरी झाली, म्हणून परगावी राहणाऱ्या मुलानं तिच्या बाहेरच्या खोलीत कॅमेरा बसवून घेतला. दाराकडे तोंड करून. टीव्हीखाली रेकॉर्डरचा डबा आला. घरात इंटरनेट यायचं होतं, त्यामुळे कॅमेरेवाला घाईघाईत "नेट आलं की फोन करा मावशी, बाकी ओके आहे" म्हणत जिना उतरून गेला.

आणि गेल्या आठवड्यात मुलगा दोन दिवस राहायला आला. दुपारी ती आडवी झाली असताना सहज म्हणून टीव्हीवर रेकॉर्डिंग बघत बसला. मग तिच्या पलंगाशी येऊन टेकला. बँकेतून फोन येतो ना, तसा त्याचा आवाज झाला होता. मऊ, सावकाश, एकेक शब्द इस्त्री केलेला.

"आई, तू रात्री कुठे जातेस?"

ती हसली. रात्री मी घोरते, म्हणाली. मग त्यानं तिला हाताला धरून टीव्हीसमोर बसवलं. पडद्यावर तीच होती. पायात बूट, अंगावर शाल. दार उघडून बाहेर पडत होती, आणि वरच्या कोपऱ्यात आकडे होते, ००:१०. दुसऱ्या दिवशी पुन्हा ००:१०. तिसऱ्या दिवशी ००:११. पुढचं त्याला बघवेना, त्यानं टीव्ही बंद केला. अरे, मी सकाळी सहाला जाते, ती म्हणाली.

"तुला तसं वाटतंय, आई."

हे वाक्य तिला लागलं. त्यानं ठरवूनही टाकलं होतं. येत्या रविवारी तो तिला न्यायला येणार, सोमवारी डॉक्टर, घराला कुलूप. तोवर कॅमेरा नेटला जोडून घ्यायचा, म्हणजे त्याला मोबाईलवर लक्ष ठेवता येईल, आणि रेकॉर्डिंग चोवीस तास करायचं. सुनेनं खोलीही रिकामी केली होती. वाईट कुणीच बोललं नाही, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती.

तो गेल्यावर घंटाबाईनं एक वही काढली. गॅस बंद केला, आठ चाळीस. गोळी घेतली, नऊ पाच. आपल्यावरच पाळत. रात्री झोपताना दाराला खुर्ची लावून तिच्यावर स्टीलचं पातेलं ठेवू लागली, म्हणजे आपण झोपेत निघालो तर पातेलं खणखणेल. सकाळी पातेलं जागच्या जागी असायचं. पण मन थोडंच ऐकतं? जाऊन आले असेन आणि परत होतं तसं ठेवलं असेन, ते म्हणायचं. शिस्तीची सवय तर आहेच.

गुरुवारी घरात नेट आलं, आणि शुक्रवारी अकरा वाजता कॅमेरेवाला आला. चाळिशीचा, पोट सुटलेला, आणि प्रत्येक वाक्य "काय आहे ना" ने उघडून "सिस्टीममध्ये" ने बंद करणारा. काय आहे ना मावशी, वायर टाकावी लागेल सिस्टीममध्ये. काय आहे ना, पाणी मिळेल का, हे सिस्टीममध्ये नव्हतं एवढाच फरक. रेकॉर्डरपासून राउटरपर्यंत त्यानं भिंतीच्या कडेनं वायर नेली, खिळे ठोकले आणि ती डब्यात खोचायच्या आधी माउस घेऊन टीव्हीसमोर मांडी घातली.

आधी रेकॉर्डिंगचं बघू, म्हणाला. पडद्यावर चौकोनांचं जाळं आलं. खाली सात वार, आडवे चोवीस तास. आतापर्यंत काही हललं तरच रेकॉर्ड व्हायचं, आता सलग करायचं होतं.

"हे तर वेळापत्रक आहे," घंटाबाई पुढे सरकली.

त्यानं माउस ओढत सगळे चौकोन हिरवे केले. मधली सुट्टी नाही का, तिनं विचारलं. त्याच्या घाईत तो विनोद वाया गेला. बारा दिवसांनी डिस्क भरेल, मग जुनं पुसून त्यावर नवं येईल, एवढं सांगून तो मोकळा झाला.

मग रेकॉर्डिंग नीट होतंय ना हे तपासायला त्यानं आजच्या तारखेचं पहिलंच लावलं. ००:०९.

 पडद्यावर घंटाबाई आली. पातेलं उचललं, खुर्ची बाजूला केली, दार उघडलं. म्हणजे काल रात्रीही. तिनं डोळे मिटून घ्यायच्या आत पडद्यावरची ती वाकली, उंबऱ्यापलीकडून काहीतरी उचलून टेबलावर ठेवलं आणि निघून गेली.

"थांब. मागे घे."

त्यानं मागे घेतलं.

"माझ्या हातात काय आहे?"

कॅमेरेवाल्यानं चित्र मोठं केलं. दुधाची पिशवी, म्हणाला, आणि पेपर.

"रात्री बारा वाजता पेपर टाकतो तुझा काका?"

कॅमेरेवाल्यानं पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं, मग मनगटावर, मग परत कोपऱ्यात. आत्ता, भर दिवसा, साडेअकराला, रेकॉर्डर साडेपाच दाखवत होता. त्यानं जीभ चावली. मग पहिल्यांदाच "काय आहे ना" न म्हणता बोलू लागला. सेटिंगमध्ये आधी तारीख-वेळ विचारतात. तो सगळीकडे "पुढे, पुढे, पुढे" दाबत जातो, कारण नेट जोडलं की रेकॉर्डर वेळ आपोआप घेतो. इथे तेव्हा नेटच नव्हतं. डबा कारखान्यातून लावून आलेल्या वेळेवरच चालत राहिला होता. सहा तास मागे.

घंटाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. तो मान खाली घालून भराभर कामाला लागला. आपल्याकडची वेळ निवडली, वायर खोचली, हिरवा दिवा लुकलुकला, आणि कोपऱ्यातले आकडे उडी मारून ११:३४ झाले. पासवर्ड घातला, मुलाच्या मोबाईलवर जोडणीचा कोड पाठवला. आणि मुलाचा फोन लागल्यावर तिच्या आधी स्वतःच बोलला.

"साहेब, आईंचं काही चुकलेलं नाही. घड्याळ माझं चुकलं."

मग त्यानं सगळं सांगितलं, दुधाच्या पिशवीसकट. फोन तिच्या हातात आला तेव्हा पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. डॉक्टरांना नाही म्हणून कळवतो, तो म्हणाला. तो बँकेच्या फोनसारखा आवाज गेला होता, तिचं पोरगं परत आलं होतं. आई, मी पुढचं बघायलाच हवं होतं गं, असं दोनदा म्हणाला.

"रविवारी ये मात्र," ती म्हणाली. "न्यायला नको. जेवायला ये."

फोन ठेवून ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून थोडा वेळ नुसती उभी राहिली.  मग चहा टाकला, दोन कप भरले, एक कॅमेरेवाल्यापुढे ठेवला. तो बिचारा एकेक घोट घेत होता, तोंड वाकडं न करता, शिक्षा भोगावी तसा. तिनं आपला कप तोंडाला लावला आणि थबकली.

"अरे, साखर विसरले की मी," घंटाबाई म्हणाली, आणि हसू आवरेना म्हणून तिला कप खाली ठेवावा लागला.