शिशाहून जड ग्रह

माझा ग्रह शिशापेक्षाही घन निघाला, तेव्हा घरात फक्त बाबा खूश झाले. बँकेतून रिटायर झालेला माणूस, देवास गेटच्या पोहेवाल्यालाही सांगून आले, "भैया, बिटिया ने सीसे से भी भारी ग्रह ढूँढा है." माझा नुसता संताप झाला. सुट्टीत उज्जैनला घरी आले होते, पण घास घशाखाली उतरत नव्हता. एवढासा ग्रह इतका घन असूच शकत नाही. म्हणजे माझंच काहीतरी चुकत होतं.

ग्रहाच्या ओढीनं त्याचा तारा किंचित डोलतो, त्यावरून मी वस्तुमान काढलं होतं. ग्रह समोरून जाताना ताऱ्याचा उजेड किती कमी होतो, त्यावरून आकार. गणितं पुन्हा पुन्हा केली, उत्तर तेच.

मग एका दुपारी मोठ्या दुर्बिणीतून घेतलेला स्पष्ट फोटो मेलवर आला. तारा एकटा नव्हताच, शेजारी दुसरा अगदी चिकटून होता. त्याचा उजेड मिसळल्यामुळे पहिल्याचं मंदावणं कमी दिसत होतं आणि ग्रह आहे त्यापेक्षा लहान वाटत होता. आकार दुरुस्त केला, तशी घनता पृथ्वीच्या जवळपास आली. अगदी साधा ग्रह. माझ्या जिवात जीव आला.

जेवताना मी हे सांगितलं तसा बाबांचा चेहरा पडला. "साधा? आता मी त्या पोहेवाल्याला काय सांगू?"

आई माझ्या ताटात तिसरी पोळी वाढत होती.

"सांगा, पोरगी जेवली म्हणून."