न्हाणीचं पाणी

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. तुम्हाला सांगतो — मध्येच अडखळलो तर अडखळू द्या, स्वतःचाच राग येतो आणि शब्द फुटत नाहीत.

मी धुळ्यातला गवंडी. नवं घर विकत घ्यायचं तर लोक आधी मला नेऊन दाखवत. भिंतीवर टिचक्या मारायच्या, चुन्याच्या सांध्यात खिळा फिरवायचा, हे सगळं मी करायचो. पण खरी परीक्षा खाली, जमिनीत. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते. पाया तिच्याखालच्या मुरमापर्यंत गेला नसेल तर वरचा चुना काय करणार? म्हणून मी कोपऱ्यात पहार घालून बघायचो.

जर्मनीच्या लढाईच्या आधीची गोष्ट. नाना म्हणून एक शेतकरी मुलांच्या शाळेसाठी गाव सोडून धुळ्यात घर घेत होते. घर बांधलेलं माझ्या व्याह्यानं, तो ठेकेदार. मी कोपरा उकरला. हातभर काळी. दोन हात काळी. पायाचा दगड संपला, माती संपेना! मागून नाना विचारत होते, "मुरूम लागना का, भाऊ?"

"लागना," मी म्हणालो. "पक्कं शे." मुरूम लागला असं धडधडीत सांगून पायानं खड्डा बुजवला.

का? मुलीच्या सासरची भीती म्हणू? खोटं. धमकी राहू द्या, व्याह्यानं मला काही सुचवलंसुद्धा नव्हतं. त्यानं फक्त मला, एका गवंड्याला, चार बड्या माणसांत लोडाशी बसवलं होतं. तेवढ्यावर विकला गेलो मी! कसली ही लाचारी?

पण थांबा — खरं सांगायचं ते पुढेच आहे.

तिसऱ्या वर्षी न्हाणीकडची भिंत उभी तडकली. नानांनी मलाच बोलावलं. फटीत हात जात होता. सगळं घर माझ्या तोंडाकडे बघतंय — आणि मी म्हणालो, न्हाणीचं पाणी पायात मुरतंय.

अक्का, म्हणजे नानांची बायको, दारात उभ्या होत्या. "मी ते पानी जपीसनच वापरस," त्या म्हणाल्या. "मनं काय चुकनं, भाऊ?" मलाच विचारलं हो त्यांनी! आणि मी काय म्हणालो? "अजून जपा, अक्का."

त्या दिवसापासून त्यांना न्हाणी बंद. आंघोळीचं, भांड्यांचं, सगळं पाणी बादलीत भरून त्या गल्लीच्या टोकाला नेऊन ओतायच्या. उन्हाळ्यात तडा रुंदावला की शिव्या पुन्हा त्यांनाच. अरे, पाण्यानं पडलेला तडा भर वैशाखात कसा वाढेल, एवढंही कुणाला कळू नये? — पण मी चिडतोय कुणावर? मला तर कळत होतं ना!

गेल्या वर्षी अक्का गेल्या. तेराव्याला पंगतीत नाना सगळ्यांना सांगत होते, "तिनी घर खराब कयं, तरी मी तिले नांदाडं."

लोकांनी माना हलवल्या. मीही हलवली, आणि जेवलो.