साहेब खरंच रजेवर आहेत का?

मुलगी झाली तेव्हा कपाशीच्या बियाण्याचा सीझन अगदी तोंडावर आला होता. मी एका बियाणे कंपनीचं जालना जिल्ह्यातलं विक्रीचं काम बघायचो. माझी गिऱ्हाइकं म्हणजे गावोगावचे कृषी सेवा केंद्रवाले. कुणाला कोणतं वाण द्यायचं, कुणाचा माल आधी उतरवायचा, रुसलेल्याची समजूत कशी काढायची, हे सगळं फोनवर आणि दुकानातल्या चहावर चालायचं.

कंपनीनं नुकतीच बापालाही दोन महिन्यांची रजा द्यायला सुरुवात केली होती. बायकोचं सिझर झालेलं, सासूबाई हयात नाहीत, माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. मी अर्ज केला. आमच्या भागात अशी रजा घेणारा मी पहिलाच. माझ्या जागी परभणीचा एक तरुण सहकारी आला. त्याला घेऊन मी सगळ्या दुकानांतून फिरलो, ओळख करून दिली. बाळासाठी घरी राहतोय म्हटल्यावर सगळे पेढ्याचं विचारायचे आणि एकमेकांकडे बघायचे. तेव्हा मला त्या बघण्याचं काही वाटलं नाही.

पहिल्या आठवड्यात फोन थांबत नव्हता. बाळ मांडीवर आणि फोन कानाला. बायको म्हणायची, "ही रजा कुणाची आहे नक्की?" दुसऱ्या आठवड्यात फोन कमी झाले. मग बंदच पडले. मला बरं वाटायला हवं होतं, पण सीझनच्या तोंडावर दुकानदार गप्प बसला की समजावं, तो दुसऱ्या कुणाशी तरी बोलतोय.

मी दुकानदारांचे व्हॉट्सअॅप स्टेटस बघू लागलो. राजूरच्या दुकानदारानं फोटो टाकला होता. माझ्या जागी आलेला तो सहकारी गल्ल्याजवळ, माझ्या नेहमीच्या खुर्चीत, हातात भज्यांची प्लेट. खाली लिहिलेलं, 'आमचे नवीन साहेब'. मी लगेच सहकाऱ्याला फोन लावला.

"सर, तुम्ही बिलकुल टेन्शन घेऊ नका," तो म्हणाला. "आराम करा. इकडचं मी बराबर बघून घेतो."

त्या 'बराबर'नं माझं डोकं फिरलं. मग राजूरला फोन केला. एरवी माझा आवाज ऐकला की घरचं सगळं विचारणारा तो माणूस तुटक बोलला. "बघू साहेब. तुमचं काय ते एकदा ठरू द्या, मंग बोलू."

"माझं काय ठरायचंय?"

"तुम्हालाच म्हाइत," म्हणाला, आणि गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवला.

त्यानंतर बाळाला पावडर लावतानाही माझ्या डोक्यात तेच. बायकोनं एकदा माझ्या हातातून डबा काढून घेतला. मी पायाऐवजी दुपट्यालाच पावडर लावत बसलो होतो.

एका दुपारी दारात परतूरचे शेठ उभे. माझे सगळ्यात जुने दुकानदार, मूळचे राजस्थानचे, पण दोन-तीन पिढ्या परतुरातच गेलेल्या. सोबत शेठाणी. हातात झबली आणि मिठाईचा पुडा. रेल्वेनं आले होते, न सांगता.

शेठ बसले, पण नजर बसेना. टेबलावर फिरली, टीव्हीखाली गेली, कोपऱ्यातल्या खोक्यावर थांबली. खोक्यात डायपर होते.

"साहेब, एक विचारू? राग न्हाई ना येणार?"

"विचारा की."

"कोणती कंपनी जॉइन केली?"

"म्हणजे?" मी विचारलं. शेठ हळू आवाजात सांगू लागले, "मार्केटमधी सगळे म्हणून राह्यलेत. ऐन सीझनला कुणी माणूस लेकरासाठी घरी बसतो का? एक तर नोकरी गेली, न्हाई तर गुपचूप दुसरीकडं गेले. मंग तुमच्या भरोशावर माल कसा सांगावा?"

"हे त्या पोरानं सांगितलं का, माझ्या जागी आलेल्या?"

शेठनी विचार केला. "तसं न्हाई सांगितलं त्यानं. मी विचारलं, साहेब वापस येणार ना? तर म्हणला, मला म्हाइत न्हाई."

तेवढ्यात शेठाणी आतून बाळाला घेऊन आल्या. बाळानं त्यांच्या साडीवरच कार्यक्रम उरकला होता. मी बाळ घेतलं, सतरंजीवर ठेवलं, पुसलं, डायपर बदलला. शेठ पुढं झुकून बघत होते.

"हे तुम्ही करता?"

"बायकोचे टाके अजून दुखतात. दुसरं कोण करणार?"

शेठाणी हसल्या. "यांना तर कोणत्या बाजूनं धरायचं ते पण माहीत नव्हतं."

शेठनी खिशातून मोबाइल काढला. "फोटो काढू का? दुकानदारांच्या ग्रुपवर टाकतो."

आतून बायकोचा आवाज आला, "बाळाचा चेहरा नको हां."

म्हणून फोटोत मी पाठमोरा, गंजीफ्रॉकवर, आणि हवेत दोन इवलेसे पाय. संध्याकाळपर्यंत फोन सुरू झाले. थट्टा झाली, हसणं झालं, मग हळूच मालाचं बोलणंही झालं. राजूरच्या दुकानदारानं मात्र फोटो बघून काहीच लिहिलं नाही. मी कामावर परतलो तेव्हा त्याच्या दर्शनी फळीवर दुसऱ्याच कंपनीची पाकिटं होती. ती आजही आहेत.

सहकाऱ्याला मी स्टेशनसमोर चहाला बोलावलं आणि सरळ विचारलं. तो म्हणाला, "सर, तुम्ही वापस येणार का, हे मला खरंच कुणी सांगितलं नव्हतं." चेहऱ्यावरून काही कळेना. पुढे आमच्या मॅनेजरच्या बोलण्यात आलं, की त्यानं त्याच दिवसांत माझं जालना कायमचं मागितलं होतं. मिळालं नाही. मी त्याला पुन्हा कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षी त्याचा फोन आला. त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते. ती बापाची रजा कशी घ्यायची, विचारत होता. मी अर्जापासून सगळं समजावलं आणि म्हणालो, "काळजी करू नको. तेवढे दिवस तुझी दुकानं मी सांभाळतो."



"विचार करतो, सर," तो म्हणाला.

अर्ज त्यानं केलाच नाही. बारशाला मी गेलो होतो. तो पाहुण्यांना पान देत होता आणि अधूनमधून अंगणात जाऊन दुकानदारांचे फोन घेत होता.