हेडलींची पायवाट

मोर्वेनाने हेडली ट्रेविन यांना पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा ते मोठ्या रस्त्याच्या कडेला मरून पडलेल्या बॅजर या बिळात राहणाऱ्या प्राण्याजवळ टोपी काढून उभे होते. तिने टपालाची गाडी थांबवली.

"काका, एवढ्या गाड्या धावतात, त्यात हा मधे कशाला आला?"

"तो नाही आला पोरी, रस्ता मधे आला. याच्या आजीची आजी इथूनच पलीकडच्या कुरणात गांडुळं खायला जायची. यांना दुसरी वाट माहीत नाही. अंधारलं की नाक खाली घालून निघतात."

कुंपणातलं लाकडी फाटकही तिथेच होतं. चर्चकडे जाणारी पायवाट त्यातून निघून रस्ता ओलांडत होती. पायवाटेवरून कोणी चाललं नाही तर गावाचा तिच्यावरचा हक्क जातो, अशी हेडलींची पक्की समजूत. म्हणून संध्याकाळचा चहा झाला की ते एकटेच पलीकडे जाऊन परत येत.

"पुढे रस्त्यावरून पलीकडे जायला पूल आहे की. तिथून जा."

"म्हणजे पायवाट गेलीच म्हणायची."

"मग निदान अंधारात दिसेल असं चकचकीत जाकीट तरी घाला."

"आता या वयात मला पोपट करतेस?"

मोर्वेना हसली. तेवढ्यात मागून भोंगा वाजवत एक ट्रक अगदी जवळून गेला. ती दचकली. हेडलींनी मानही वळवली नाही. त्यांना तो ऐकूच आला नव्हता. त्यांचा कोट बॅजरच्या पाठीसारखाच करडा होता.

आता मोर्वेना त्या फाटकाजवळ गाडी हळू करते. बाकीचे करत नाहीत. हेडली अजूनही रोज अंधारताना तिथूनच रस्ता ओलांडतात.