कांदेनवमीचे गार्लिक रोल

गार्लिक ब्रेडचे रोल घरी करायला मी हौसेनं शिकले नाही. सासरे लसूण सोलायला बसले की दीड तास जागचे हलत नाहीत, हा शोध मला लागला, म्हणून शिकले.

घरात आम्ही तिघं. नवरा सकाळी साडेसातला सातपूरच्या कारखान्यात जातो आणि संध्याकाळी सातला येतो. मधल्या वेळात मी आणि बाबा, म्हणजे माझे सासरे. बाबा मनमाडला रेल्वेत गार्ड होते. निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षं झाली, पण अलीकडे ते त्यांना पटत नाही. रोज सकाळी आंघोळ करून ते ड्युटीला निघतात. दोनदा खरंच निघाले. एकदा द्वारका चौकात सापडले, एकदा थेट नाशिकरोड स्टेशनच्या फलाटावर. तेव्हापासून दाराला आतून कुलूप असतं आणि किल्ली माझ्या ओढणीच्या टोकाला. येणारेजाणारे हळहळतात, "अरेरे, कोंडून ठेवावं लागतं त्यांना." मीही त्याच कुलपाच्या आत असते, पण त्याबद्दल कुणी हळहळत नाही. मी शाळेत गणित शिकवायचे. ती नोकरी सोडली तेव्हा नवरा म्हणाला होता, "थोडे दिवस बघ." त्या थोड्या दिवसांना यंदा दोन वर्षं झाली.

तर लसूण. एकदा फोडणीसाठी चार पाकळ्या सोलत होते, तर बाबांनी माझ्या हातातून गड्डाच काढून घेतला. प्रत्येक पाकळी अंगठ्यानं दाबायची, साल उलगडायची, उजेडात धरून बघायची, मग वाटीत टाकायची. त्या वेळात ड्युटी नाही, गाडी नाही, दाराला धक्के नाहीत. पण रोज वाटीभर सोललेल्या लसणाचं करणार काय? चटणी झाली, लोणचं झालं. मग मोबाइलवर हे रोल दिसले. पहिले दगडासारखे झाले, दुसरे आंबूस. हळूहळू हात बसला. यीस्टचं पीठ म्हणजे तान्हं मूल, त्याला टाकून कुठे जाता येत नाही. मला तरी कुठे जायचं होतं?

आषाढात शाळेतून मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. गणिताच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर जाणार होत्या. "चार महिने या, पुढचं पुढे बघू. कांदेनवमीच्या संध्याकाळपर्यंत कळवा," त्या म्हणाल्या. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर बोटानं वर्गसमीकरण लिहिलं आणि सोडवलं. मला जायचं होतं.

मार्ग एकच होता. मोठी नणंद मनमाडलाच असते. तिनं बाबांना चार महिने नेलं असतं तर प्रश्न मिटला असता. शिवाय रोज मनमाड मनमाड करणाऱ्या माणसाला अखेर मनमाड मिळालं असतं. नणंद दरवर्षी कांदेनवमीला माहेरी येते. आमच्याकडे चातुर्मासात कांदा-लसूण चालत नाही, त्यामुळे आषाढातल्या त्या नवमीला घरातला सगळा कांदा, सगळा लसूण संपवायचा, अशी पद्धत. एरवी त्या दिवशी भजी, थालीपीठ, भरीत असतं. या वर्षी मी ठरवलं, रोल करायचे. नणंदेला ब्रेड म्हणजे जीव की प्राण. लाच म्हणा हवं तर. मी दिली.

सकाळी कोमट दुधात साखर आणि यीस्ट घातलं, फेस आल्यावर मैदा मळला. तळहातानं ढकलून, दुमडून, पुन्हा ढकलून, अर्धा तास. शेजारी खुर्चीवर बाबा उरलेला सगळा लसूण सोलत होते. पीठ फुगून दुप्पट झाल्यावर मोठी पोळी लाटली, तिच्यावर लसूण-कोथिंबीर घातलेलं लोणी फासलं, अळूवडीसारखी गुंडाळली आणि सुरीनं तुकडे केले. ट्रेमध्ये पुन्हा अर्धा तास फुगू दिले. ओव्हनमध्ये घातल्यावर दहाव्या मिनिटाला असा वास सुटला की वरच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यातून हाक मारून विचारलं, काय करतेयस गं? बाबांनी खोल श्वास घेतला आणि म्हणाले, "लय भारी."

नणंद दुपारी आली. पहिला रोल उभ्यानंच खाल्ला. तिसऱ्याला मी विषय काढला. शाळेचं सांगितलं, चार महिन्यांचं सांगितलं. नणंदेनं हातातला रोल ताटलीत ठेवला. मग म्हणाली, "अगं, मग आधी नाही का सांगायचं? माझा बाप आहे तो. आजच घेऊन जाते, गाडी आहेच खाली."

मी पंधरा मिनिटांत बॅग भरली. गोळ्या, चष्मा, स्वेटर, मऊ टॉवेल. इतक्या घाईनं भरली की नणंदेनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मला लाज वाटली, पण हात थांबले नाहीत.

"बाबा, चला, मनमाडला जायचंय," नणंद म्हणाली.

बाबा उठले. टोपी घातली. मी दार उघडलं. उंबऱ्यापाशी ते थबकले, वळून माझ्याकडे बघितलं आणि लेकीला म्हणाले, "ह्या बाई येत्यात का?"

"नाही बाबा, वहिनी इथंच राहणार."

"मंग मी नाय येत."

"अहो, मनमाड आहे. तुमचं स्टेशन."

बाबांनी टोपी काढून हातात घेतली. "ह्या बाईला कोंडून ठेवलंय इथं," ते तिला समजावून सांगू लागले. "रोज बघतो मी. कुठं जाऊ देत नाय तिला कुणी. मी गेलो तर एकटी पडंल ती."

नणंदेनं खूप समजावलं. हात धरून ओढलं, तसे बाबा दाराची चौकट धरून ओरडायला लागले. मग ती जिन्यातच बसली आणि रडली. माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाली, "तुझ्याशिवाय ते राहणार नाहीत गं. किती केलंस तू." तिचं चुकलं काहीच नाही. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. उरलेले रोल मी तिला डब्यात भरून दिले आणि ती गेली.

मी दार लावून आत आले, बॅग तशीच ठेवून ट्रे घासायला घेतला. बाबा हळूच ओट्यापाशी आले.

"गेली का ती?"

"गेली."

"मंग निघा आता तुम्ही," ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले. "कुणी इचारलं तर मी सांगतो, बाई आतच हायेत म्हणून."

मी ट्रे घासत राहिले. रडू येत होतं आणि त्यांचा रागही येत होता, दोन्ही एकदम. दोन वर्षांत मला जा म्हणणारा हा पहिला माणूस, आणि त्यालाच सोडून जाता येत नव्हतं. सहा वाजता मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. मी ओले हात ओढणीला पुसले आणि त्यांना सांगितलं की नाही जमणार. त्यांनी कारण विचारलं नाही.

बाबा माझ्या तोंडाकडे बघत उभे होते. "काय म्हणाले?" त्यांनी विचारलं. "सोडत्यात का?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. मग खुर्ची ओढून माझ्याशेजारी आणली आणि बसले. म्हणाले, "असू द्या. मी हाय."